चित्राचा पत्ता

पेंटरने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवली. दवाखान्यांची, गॅरेजांची, चष्म्याच्या दुकानांची. एकदा तर एका कुत्र्याचंसुद्धा, कारण मालकिणीला फाटकावर त्याच्या नावाची पाटी हवी होती. हात असा की कुणाचीही सही दाखवा, चार फूट लांब करून देईल आणि सही करणारा स्वतःच बुचकळ्यात पडेल. पुढे कॉम्प्युटरवर जुळवून कापडावर छापलेल्या पाट्या आल्या आणि दोन-तीन वर्षांत त्याचा धंदा बसला. तेव्हापासून त्याने कॉम्प्युटरशी उभा दावा मांडला. "ज्याने माझा ब्रश खाल्ला त्याला मी हात लावणार नाही," हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की लेक लहानपणी पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करून दाखवायची.

बायको मात्र कॉम्प्युटर शिकवणारी. तशी ती आधी टायपिंग शिकवायची; तिचा टाइपरायटरही त्याच यंत्राने गिळला होता. पण ती रुसून बसली नाही. चाळिशी उलटल्यावर नव्याने शिकली, आणि शिकून होतंय न होतंय तोच दुसऱ्यांना शिकवायला लागली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आठ जुनी यंत्रं होती आणि न लागणारी एक खिडकी. तिथे ती वेबपानं मांडायचं सॉफ्टवेअर शिकवायची. शिवणकाम करणाऱ्या बायका यायच्या, निवृत्त पोस्टमन यायचा, पिठाचे हात पुसत बेकरीवाला यायचा. सगळे तिला बाई म्हणत.

ज्यांना जिने चढून येणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी बाईंनी धडे लिहिले आणि नेटवर ठेवले. एकूण अठरा. कुणी कधी माउसही धरला नसेल असं समजून, अगदी पहिल्यापासून लिहिलेले. आणि इथेच आमचा पेंटर अडकला, कारण बाईंना चित्रं हवी होती.

"पडद्याचा फोटो टाक की," तो म्हणाला होता.

"फोटोत पन्नास गोष्टी दिसतात हो. नवीन माणसाला त्यातलं एकच बटण बघायचं असतं. तो भांबावतो. तुम्ही मला फक्त ते एक बटण काढून द्या."

मग तो काढून देऊ लागला. कोरे कागद, काळी शाई. बाई यादी देत, तो यादीबरहुकूम चौकट, बटण, बाण काढी आणि बाणाच्या टोकाशी जागा सोडून कागद टेबलावरून उजवीकडे सरकवी. उजवीकडे बाई बसत. त्या निळ्या पेनाने, आपल्या जरा डावीकडे कललेल्या अक्षरात त्या जागेत लिहीत: इथे दाबा. घाई नको. झालं! मग तो कागद वाचनालयातल्या स्कॅनरवर ठेवून त्याची प्रत धड्यात जाई, आणि मूळ कागद वाणसामानाची यादी होऊन दुकानात. पेंटरला त्याचं वाईट वाटे. बाई म्हणत, "यंत्रात गेलंय ना? आता कागदाचं काय लोणचं घालायचंय?"

अशी एकशे बारा चित्रं झाली. त्यातल्या एकाही चित्रात काय चाललंय ते पेंटरला कळत नव्हतं. बाई दर महिन्या-दोन महिन्यांनी म्हणत, "शिकून घ्या की थोडं." तो म्हणे, "तू आहेस ना."

आता ती नव्हती. दोन वर्षं झाली होती.

वाचनालयाने सगळी यंत्रं, बाई घरी वापरत तेसुद्धा, पुसून दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. वरच्या मजल्यावर खुर्च्या रचून ठेवल्या. धडे तेवढे नेटवर होते, आणि पेंटरला एवढंच पुरेसं होतं की ते कुठेतरी आहेत. मग एके दिवशी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि आईच्या नावाने येणारी पत्रं तीच बघायची.

"बाबा, आईच्या धड्यांची नेटवरची जागा बंद होतेय. त्या कंपनीने फुकट दिलेली सगळी जागा काढून घ्यायचं ठरवलंय. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बारा वाजता."

"म्हणजे धडे कुठे जाणार?"

"कुठेच नाही. पुसणार. पण तुम्ही काळजी करू नका, माझ्या ऑफिसात एक जण आहे, तो दोन तासांत सगळं उचलून दुसरीकडे टाकेल."

'टाकेल' हा शब्द पेंटरला झोंबला. "टाकायला ते भंगार आहे का? मी करतो."

"बाबा, तुम्ही? तुम्हाला यंत्र सुरू तरी करता येतं का?"

"तुझ्या आईने अठरा धडे कशासाठी लिहिलेत मग?"

लेकीने नवा लॅपटॉप पाठवला, धड्यांसाठी नवी जागा घेतली, ते पानं मांडायचं सॉफ्टवेअर घालून दिलं आणि पासवर्ड फोनवर सांगितला. पेंटरने तो पुठ्ठ्यावर, तीन इंची अक्षरांत, लाल रंगात, काळी सावली देऊन रंगवला आणि टेबलासमोरच्या भिंतीवर टांगला. लेकीने व्हिडिओवर तो पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, पासवर्ड असा भिंतीवर लावत नाहीत!"

"मग कुठे लावतात?"

तो रोज सकाळी नऊला बसू लागला. दुकान उघडताना घालायचा तसा धुतलेला शर्ट घालून, एक वाजेपर्यंत. लेकीने फोनवर सांगितलं तसं लॅपटॉप सुरू करून त्याने पहिला धडा उघडला.

'घाबरू नका,' बाईंनी लिहिलं होतं. 'हे यंत्र तुमच्यापेक्षा मूर्ख आहे. फक्त त्याला तीच चूक पुन्हा पुन्हा करण्याचा कंटाळा येत नाही.' खाली त्याने काढलेलं सुरू करायचं बटण होतं आणि शेजारी तिचं निळं अक्षर. पेंटरने बोट पडद्यावर ठेवून ते अक्षर पुसल्यासारखं केलं. ते पुसलं गेलं नाही, हे बघून त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या धड्यात माउस होता. 'आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, माउस हातात आला तर असा दाबतील की शेजारच्या पेल्यातलं पाणी सांडेल. यंत्राला तुमचं बळ नको, बोट हवं.' कोण हा अडाणी गृहस्थ म्हणून पेंटर मनातल्या मनात हसला. त्याला वाटलं, पोस्टमन असावा.

चौथ्या धड्यात काम जतन करायचं होतं. 'आमचे गृहस्थ ओल्या पाटीला कुणाला हात लावू देत नाहीत. रंग सुकला की मगच हलवतात. जतन करणं म्हणजे रंग सुकू देणं.' पेंटर खुर्चीत सरळ बसला. पाचव्या धड्यात मथळा आणि मजकूर यांत अंतर ठेवायचं होतं. 'आमचे गृहस्थ म्हणतात, अक्षराला श्वास घ्यायला जागा ठेवावी. हे वाक्य मी त्यांच्याकडून चोरलं आहे. त्यांना सांगू नका, भाव खातील.'

तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन कालची भांडी घासू लागला. ती घासून झाल्यावर घासलेलीच पुन्हा घासली. तिने त्याला अख्ख्या जगासमोर ढ ठरवलं होतं, आणि पाचव्या धड्यात गुपचूप शहाणाही. आणि हे सगळं तिथे असताना तो पलंगावर पडून रेडिओ ऐकत होता. शेजारच्या खोलीत ती टकटक टंकत होती आणि हा ओरडायचा, दार लावून घे गं.

काम कसं करायचं ते तिसऱ्या धड्यात होतं: जे हवं त्यावरून माउस ओढत न्या, उचला, नव्या पानावर ठेवा. पेंटरने जुन्या जागेवरचा पहिला धडा वरपासून खालपर्यंत ओढला, उचलला आणि सॉफ्टवेअरमधल्या कोऱ्या पानावर ठेवला. अक्षरं आली. आणि काय आश्चर्य, चित्रंही मागोमाग आली, आपापल्या जागी, निळ्या अक्षरांसकट. त्याने टेबलावर थाप मारली. पेल्यातलं पाणी सांडलं.

असे तो दिवसाला एक धडा वाचू लागला आणि एक धडा हलवू लागला. कधी मथळा मजकुरात घुसे, कधी अख्खं पान नाहीसं होई आणि पेंटर घाबरून यंत्रालाच उद्देशून माफी मागे. पण जमत गेलं. सहा धडे झाले आणि मग सातवा आला.

सातवा त्याने वाचला नाही. त्याची गोष्ट अशी आहे.

सातव्या धड्याच्या आठवड्यात बाईंचे दुसरे रिपोर्ट आले होते. जिना चढताना तिला धाप लागत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडून राहा. आणि ती संध्याकाळी पेंटरच्या टेबलाशी यादी घेऊन उभी: सात चित्रं हवीत. पेंटरचं टाळकं सरकलं.

"तुला धड उभं राहवत नाही आणि तू लोकांना पानं शिकवतेस? कुत्रं तरी विचारतं का तुझ्या धड्यांना? नाही काढणार मी चित्रं. यापुढे एकही नाही."

बाईंनी यादीची घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवली, डबी मिटली. त्या डबीचा 'टक' असा आवाज पेंटरच्या कानात अजून होता. सातवा धडा चित्रांशिवाय गेला. पुढच्या आठवड्यात त्यानेच विचारलं, "या वेळी काय काढायचंय?" आणि तिने आठव्याची यादी त्याच्यापुढे ठेवली. सातव्याबद्दल दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत. चार महिन्यांनी बोलायला ती उरली नाही.

तर पेंटरने सातवा धडा उघडला तो मान फिरवून. मथळ्यात 'चित्रं' एवढं दिसलं आणि त्याने ठरवलं, आपल्याला याची गरज नाही. आपली चित्रं आपोआप येतायत. वरून खालपर्यंत माउस ओढला, उचलला, नव्या पानावर ठेवला. एक ओळही न वाचता. मग आठवा धडा उघडला आणि मोकळा श्वास घेतला.

मुदतीच्या चार दिवस आधी अठराही धडे नव्या जागेवर चढले. पेंटरने लेकीला फोन केला. "बघ."

ती बघत असताना तो फोन कानाला लावून उभाच होता. तिने एकेक धडा उघडला. "बाबा, कमाल केलीत! सगळं आहे. चित्रंसुद्धा. आईचं अक्षर..." तिने पुन्हा पहिला धडा उघडला. "अहो, खरंच तुम्ही केलंत?"

"मग काय तुझ्या ऑफिसातल्याने?"

बेकरीवाल्यालाही त्याने जाऊन सांगितलं. बेकरीवाल्याने आपल्या दुकानाचं पान बाईंच्या धड्यांवरूनच मांडलं होतं, आणि अडला की अजूनही तो ते धडे उघडायचा. त्याने भट्टीपाशी उभ्याउभ्याच फोनवर नवी जागा पाहिली आणि पेंटरच्या हातात गरम पाव ठेवला. पेंटर घरी येताना रस्त्यातल्या प्रत्येक छापील पाटीकडे बघत आला. त्या दिवशी त्याला त्यांचाही राग आला नाही.

शेवटच्या दिवशी तो साडेअकरालाच जुनी जागा उघडून बसला. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा. बारा वाजून दोन मिनिटांनी त्याने पान ताजं केलं आणि तिथे एका ओळीत लिहून आलं की ही जागा आता नाही. त्याला वाईट वाटलं, पण बेताचंच. धडे आपल्याकडे सुखरूप होते. त्याने लॅपटॉप बंद केला, जेवला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दुपारी गाढ झोपला.

चारच्या सुमारास फोन वाजला. बेकरीवाला होता.

"काका, बाईंचे धडे उघडलेत मी. चित्रं कुठे गेली?"

"कुठे जातील? आहेत की."

"नाही हो. नुसते रिकामे चौकोन दिसतायत. कोपऱ्यात एक फाटक्या कागदासारखी खूण आहे."

"तुझा फोन बिघडलाय," पेंटर म्हणाला आणि लॅपटॉप उघडला.

पहिला धडा. घाबरू नका. खाली रिकामा चौकोन. दुसरा धडा, चार रिकामे चौकोन. त्याने तिसरा उघडला, मग एकदम अकरावा, मग अठरावा. अक्षरं सगळी होती, छापील, नीटनेटकी. एकशे बारा जागी चौकोन होते आणि चौकोनांत काही नव्हतं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. माउस हळू दाबला, अगदी सांगितल्यासारखा, नुसत्या बोटाने.

लेकीला कळायला पाच मिनिटं लागली, आणि सांगायला त्याहून जास्त.

"बाबा, चित्रं आपल्याकडे कधी आलीच नव्हती. तुम्ही पान उचललंत ना, तेव्हा अक्षरं आली, पण चित्रांचे फक्त पत्ते आले. जुन्या जागेचे पत्ते. पान उघडलं की ते तिथे जाऊन चित्र आणून दाखवायचं. मी पाहिलं तेव्हा जुनी जागा चालू होती, म्हणून मलाही सगळं दिसलं. मीच... मीच नीट बघायला हवं होतं."

"मग आता त्यांच्याकडून आणू."

"त्यांनी पुसलंय, बाबा."

तिने तरी सगळीकडे धावाधाव केली. कंपनीला लिहिलं; तिकडून गोड भाषेत नकार आला. जुनी पानं जपून ठेवणाऱ्या एका ठिकाणी शोधलं. तिथे तीन धडे सापडले, तेही चित्रांविना. ऑफिसातल्या त्या माणसालाही विचारलं. हे सांगताना ती चाचरली, आणि पेंटरला समजलं की त्या माणसाने दोन तासांत हे सगळं नीट केलं असतं. लेक तसं म्हणाली नाही. ती फक्त म्हणाली, "आईने याबद्दल लिहिलं असेलच कुठेतरी. नवीन लोक हीच चूक करतात. चित्रांचा धडा कितवा?"

पेंटरने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "सातवा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शर्ट घालून बसला आणि सातवा धडा उघडला. सगळ्या धड्यांत तो एकच धडा जसा होता तसा शाबूत होता, कारण त्याला हरवायला चित्रंच नव्हती.

'नवशिक्याला वाटतं, चित्र पानात आहे,' बाईंनी लिहिलं होतं. 'ते पानात नसतं. पानात फक्त चित्राचा पत्ता असतो. पत्ता दुसऱ्याच्या घरचा असेल आणि उद्या ते घर पडलं, तर तुमच्या पानावर रिकामा चौकोन उरेल. म्हणून चित्र आधी आपल्या घरी आणा, आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि मग पानाला तो पत्ता द्या. खात्री करायची असेल तर नेट बंद करून पान उघडा. तेव्हा जे दिसेल ते तुमचं.'

आणि अगदी खाली, बारीक टायपात:

'या धड्याला चित्रं नाहीत. आमचे गृहस्थ रागावले आहेत. ते रागावले नाहीत, घाबरले आहेत. घाबरले की ते ओरडतात. हे धडे कुणी वाचत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. एका माणसाने वाचले तरी मला पुरे. तो अजून यंत्रापुढे बसत नाही, पण बसेल. तेव्हा मी शेजारी असेनच असं नाही, म्हणून इतकं सावकाश लिहिते आहे. चित्रांसाठी सात जागा ठेवल्या आहेत.'

पेंटर ओक्साबोक्शी रडला. बायकोच्या जाण्याने रडला नव्हता इतका. तेव्हा घरात माणसं होती, चहा करायचा होता, खुर्च्या आणायच्या होत्या. आता कुणी नव्हतं. ती सांगून गेली होती, नीट, सोप्या शब्दांत, त्याच्यासाठीच. आणि त्याने मान फिरवली होती. तिच्या अक्षराचा शेवटचा पत्ता त्याच्या हातात होता आणि तो त्याच्या हातून गेला. लेकीने फोनवर कितीही समजावलं तरी हे खोटं ठरणार नव्हतं.

दोन दिवसांनी त्याने पलंगाशेजारचा खण उघडला. चष्म्याची डबी तिथेच होती. चष्म्याखाली घडी केलेला कागद होता. निळी शाई, डावीकडे कललेलं अक्षर. सात ओळी. 'चित्र पहिलं: दोन घरं. एका घरात पान, दुसऱ्या घरात चित्र. मधे दोरी. दोरीला बाण. बाणाशी लिहायचं: हा फक्त पत्ता आहे.'

त्याने कोरा कागद घेतला. पट्टीने पेन्सिलची रेघ मारली, काळ्या शाईने दोन घरं काढली, दोरी काढली. दोरीला जरा झोल दिला, ताणलेली दोरी त्याला आवडायची नाही. बाण काढला. बाणाच्या टोकाशी जागा सोडली आणि कागद टेबलावरून उजवीकडे सरकवला.

कागद तिथेच राहिला. सरकवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

बराच वेळ तो त्या कागदाकडे बघत बसला. मग त्याच्या मनात आलं ते कुठल्याही पेंटरच्या मनात आलं असतं. नमुना समोर आहे, हात शाबूत आहे. त्याने दुसऱ्या कागदावर निळ्या पेनाने लिहून बघितलं: हा फक्त. तोच कल, तीच 'ह'ची गाठ, 'फ'ला तोच घाईतला फटका. तिलाही ओळखू आलं नसतं. अशी एकशे बारा पुन्हा करता आली असती, बेकरीवाल्याला कळलं नसतं, लेकीलाही नाही. ते अक्षर त्याच्या हातातून इतकं सहज उतरलं की त्याने पेन टाकून दिलं. त्याने तो कागद फाडला, आणि फाडलेले तुकडे पुन्हा फाडले.

मग त्याने ठरवलं, जागा रिकामीच ठेवायची. ती त्याच्या चित्रांसाठी जागा ठेवून गेली, आपण तिच्या अक्षरासाठी ठेवू. हे ठरवून त्याला क्षणभर फार बरं वाटलं. पण दोघांनी तीस वर्षं एका टेबलाशी काढली होती, आणि यावर ती काय म्हणाली असती ते त्याला पुरतं ठाऊक होतं. शिकणाऱ्याने काय तुमच्या दुःखाकडे बघून बटण शोधायचं का हो?

त्याने काळी शाई घेतली आणि बाणाशी आपल्या अक्षरात लिहिलं: हा फक्त पत्ता आहे. सरळ, उभं, दवाखान्याच्या पाटीवर शोभेल असं.

कागदाचा फोनने फोटो काढला. लेकीला न विचारता, सातवा धडा ओळीओळीने वाचत, तो लॅपटॉपवर घेतला. 'चित्रं' नावाचं फोल्डर केलं, त्यात ठेवला, पानाला तो पत्ता दिला. जतन केलं. रंग सुकायला थांबावं तसा थोडा वेळ थांबला. मूळ कागद मात्र त्याने वाणसामानाच्या यादीसाठी ठेवला नाही, यादीच्या कागदाबरोबर चष्म्याच्या डबीत घातला. डबी मिटताना ती वाजू नये म्हणून अंगठ्याने हळू दाबली.

मग नेट बंद केलं आणि पान उघडलं. पहिल्या जागेत चित्र होतं. दोन घरं होती, मधे दोरी होती, आणि बाणाशी त्याचं एकट्याचं अक्षर होतं. खाली सहा जागा रिकाम्या होत्या. त्याने शाईच्या बाटलीचं झाकण पुन्हा उघडलं आणि दुसरा कागद घेतला.